शेवटचं पान बिस्किटाच्या डब्यात

पिक्चर वाईट आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढं वाचायचं नाही त्यांची सुटका. तलाठी म्हणून मी सत्तावीस वर्षं काढली. पंचनाम्यात आधी पाहणी लिहायची आणि मग निष्कर्ष, असा क्रम असतो; पण हा काही पंचनामा नाही आणि याच्यावर साहेबांची सहीही लागणार नाही. सोलापूरच्या त्या थेटरात शेवटी सगळं पब्लिक उभं राहून शिट्ट्या मारत होतं, तेव्हा मी एकटी बसून होते. माझा डावा पाय लगेच उचलत नाही, हे एक कारण. उचलला असता तरी मी उठले नसते, हे दुसरं कारण, आणि तेच खरं.

कॉमिक्समधल्या ज्या हिरोवर हा पिक्चर काढलाय त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्या नावावर आता कुठल्या तरी कंपनीचा हक्क आहे आणि माझी त्यांच्याशी ओळख नाही. आमच्या आईनं त्याला ठेवलेलं नाव मला पुरतं. खळ्यावर उफणताना बायका तोंडाला फडकं बांधतात, तसं त्यानं बांधलेलं असायचं. म्हणून आई त्याला 'तोंडबांध्या' म्हणायची. "झालं का तुमच्या तोंडबांध्याचं वाचून? मग कोकरं कोंडा." तोंडबांध्याला एकच गोष्ट यायची. तो पळायचा. उडत नव्हता, डोळ्यांतून आग सोडत नव्हता, फक्त वाऱ्याच्या पुढं पळायचा. आणि वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओनं डावा पाय गेलेली मी त्याच्यावर जीव लावून बसले होते. याचा अर्थ ज्याला जो लावायचा तो लावू द्या. मला त्याचं पळणं आवडायचं, बस.

आमचं घर येरमाळ्यापासून कोसभर आत, रानात. वडील मेंढरं राखायचे. येरमाळ्याच्या स्टँडसमोर एका चाचांचं सायकलचं दुकान होतं. तिथं सायकल तासावर आणि कॉमिक्स दिवसावर, अशी दोन्ही भाड्यानं मिळायची. सायकल परत यायची. सायकल घेऊन पोरगं जाणार किती लांब? कॉमिक्स मात्र परत येत नसत. हायवेवरचं गाव. येडाईच्या यात्रेला आलेलं पोरगं पुस्तक घ्यायचं आणि तसंच गाडीत बसून बार्शीला नाहीतर बीडला निघून जायचं. चाचांनी त्यावर इलाज काढला. नवं कॉमिक आलं की ते ब्लेडनं त्याचं शेवटचं पान कापायचे, कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर टाकायचे आणि पान बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचे. पुस्तक परत आणाल तेव्हाच पान मिळणार. तेही घरी न्यायचं नाही. पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी उभं राहून वाचायचं आणि चाचांच्या हातात परत द्यायचं. "किताब लाओ, पन्ना देखो," एवढाच त्यांचा कायदा. त्यानंतर त्यांचं एकही पुस्तक बुडालं नाही. आमच्या भागातल्या एका पिढीनं जगातले सगळे शेवट उभ्यानं वाचलेत.

मी मात्र एकही वाचला नाही. कोसभर चालत जाणं माझ्यानं होत नव्हतं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, येरमाळ्याच्या हायस्कुलात जायचा. पुस्तक तो आणायचा. आम्ही दोघं ते बाजेवर पालथं पडून वाचायचो. दुसऱ्या दिवशी तो ते परत करायचा, पान वाचायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मला शेवट सांगायचा. नुसता सांगायचा नाही, करून दाखवायचा. घोंगड्याचं टोक तोंडाला बांधून मेंढवाड्याच्या काट्याच्या कुंपणावरनं उडी मारायचा, मेंढरं बिथरायची, वडील शिव्या द्यायचे. पुस्तक हिंदीत असायचं. अख्खं पुस्तकभर शुद्ध हिंदी बोलणारा तोंडबांध्या शेवटच्या पानावर 'व्हय' आणि 'न्हाय' करायला लागायचा. याचं मला कधी नवल वाटलं नाही. संकट टळल्यावर माणूस आपल्या बोलीत बोलणारच, असं मी धरून चालले होते.

आता त्या एका पुस्तकाचं सांगते, कारण सगळं भांडण त्याच्यावरून आहे.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि शाळा सोडून घरी बसले होते. आमच्या लहानशा गावातली सातवीपर्यंतची शाळा मात्र जवळच होती. चौथीपर्यंत वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. मग माझं वजन वाढलं आणि त्यांची कंबर धरली. एका शिबिरात मला कॅलिपर मिळालं होतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जडशीळ बूट. चालताना खट्ट खट्ट वाजायचं. मी ते दोनदा घातलं, गावातली पोरं खट्ट खट्ट करत मागं लागली, आणि मी ते भिंतीतल्या खुंटीला टांगून टाकलं. आईला सांगितलं, पाय बरा झाला की जाईन शाळेत.

आणि पाय बरा होणार, हे तर सगळेच सांगत होते. आईनं येडाईला नवस बोलला होता. मामा नळदुर्गकडच्या कोणा तेलवाल्याला घेऊन आले होते. तो माझ्या पायाला हिरवट तेल चोळायचा आणि अमावास्या मोजायला सांगायचा. येणारी प्रत्येक बाई माझ्या पायावरून हात फिरवून म्हणायची, "हुईल गं बया बरा." मला ते ऐकायला बरं वाटायचं. मी बाजेवर बसून बरं होण्याची वाट बघत होते. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी तेच केलं.

त्या दिवसांत हे पुस्तक आलं. यातला खलनायक म्हणजे पूल बांधणारा एक ठेकेदार. सिमेंटात माती मिसळणारा. त्याचा पूल पडतो, आणि माणसांना वाचवताना तोंडबांध्याच्या पायावर मोठा खांब कोसळतो. ज्याला फक्त पळता येतं त्याचाच पाय जातो! डॉक्टर हात टेकतात. ठेकेदार दुसरा पूल बांधायला घेतो. आणि उरलेल्या शेवटच्या चित्रात एक म्हातारा वैद्य येतो, पेटी उघडतो, आत हिरवा खडा चमकत असतो. पुढचं पान चाचांच्या डब्यात.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दादा शाळेतून आला तेव्हा मी बाजेच्या कडेला येऊन बसले होते. एरवी तो कुंपणापासूनच ओरडत यायचा. त्या दिवशी आला, रांजणातलं पाणी प्याला, पाय धुतले, आणि आणखी एकदा पाणी प्याला.

"सांग की," मी म्हणाले.

"सांगतो. दम धर." मग त्यानं घोंगडं घेतलं, तोंडाला बांधलं, आणि उडी न मारता माझ्यासमोर खाली बसला. "वैद्य म्हणतो, ह्या खड्यानं तुझा पाय आत्ताच्या आत्ता बरा हुईल. तर तोंडबांध्या म्हणतो, राहू द्या. म्या काय पायानं लढत हुतो व्हय?"

"मग?"

"मग काठी घेतली आन् निघाला."

"पाय बरा केलाच न्हाय?"

"न्हाय."

"मग पळला कसा?"

"पळला न्हाय. चालत गेला. लंगडत."

"पोचला का पण?"

दादानं घोंगड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "पोचला की. उशिरा पोचला, पण पोचला. ठेकेदार बसला हुता हसत. ह्यो दारात दिसला आन् त्याचं हसू बंद झालं. समाप्त."

 सकाळी आईला म्हणाले, खुंटीवरचं ते काढून दे. आई पट्टे आवळताना रडत होती आणि मी तिच्यावर चिडत होते, कारण पट्टे नीट बसत नव्हते. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. गुरुजींनी विचारलं, उशीर का? मी म्हणाले, उशिरा आले, पण आले. सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. जागेवर बस म्हणाले.

तेव्हापासून मी चालतेच आहे. हायस्कूल झालं, कॉलेज झालं, परीक्षा देऊन तलाठी झाले. आठवीला येरमाळ्याला जायला लागले तोवर चाचा दुकान आवरून मुलाकडं हैदराबादला गेले होते आणि दुकानाच्या जागी चहाचं हॉटेल झालं होतं. डबा कुठं गेला कोणास ठाऊक. लग्न केलं नाही. त्याचा संबंध पायाशी नसून जिभेशी आहे, असं दादा म्हणतो. सध्या बेंबळीच्या तलाठी सज्जाला आहे. गारपीट झाली, अतिवृष्टी झाली की शेतकरी चावडीतच सांगतात, "बाई, तुमी हितंच बसा, चिखल लई हाय. आमी सांगतो तसं लिहा." मी लिहीत नाही. बांधावर गेल्याशिवाय, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आजपर्यंत एक ओळ लिहिलेली नाही. चिखलात कॅलिपर रुततं, एखादा माणूस हात देतो, मी घेते, त्यात मला लाज वाटत नाही. दुपारच्या ऐवजी संध्याकाळी पोचते. पण माझा पंचनामा वरच्या ऑफिसातून कधी परत आलेला नाही. आणि अशा दर बांधावर मला तोंडबांध्या आठवतो. बाकीच्यांना अशा वेळी देव आठवतो.

तोंडबांध्यावर पहिला पिक्चर आला तेव्हा मी तो दोनदा पाहिला. चांगला होता. निदान पळत तरी होता. दुसरा भाग येणार आणि तो पुलाच्या पुस्तकावर असणार, हे कळलं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. दादाला फोन केला. तो म्हणाला, "बघ जा तू. माझे गुडघे बरे झाले की येतो मी." दादाचे गुडघे वर्षभरापासून धरलेत. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली तर म्हणतो, "काठी टेकत गावातनं जाऊ व्हय? माणसं काय म्हणतील?" संध्याकाळी पारावर जायचा, ते बंद झालं. दिवसभर बाजेवर असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गुडघ्यांचा हिशोब सांगतो. एक पावडर चालू आहे, एक तेल चालू आहे.

मग मी भाचीला घेऊन गेले. दादाची ही धाकटी लेक धाराशिवला माझ्याकडं राहून इंजिनिअरिंग करते. तिलाही कॉमिक्सचं वेड आहे, ते माझ्याकडूनच गेलेलं.

आता पाहणी. पहिलं म्हणजे, दर पाच मिनिटाला तो तोंडावरचं फडकं काढतो. घरी काढतो, गाण्यात काढतो, मारामारीत तर वाऱ्यानंच निघतं. सगळ्या पुस्तकांत त्याचा चेहरा कधी कुणाला दिसला नाही, आणि इथं फडकं टिकतच नाही. नटाला पैसे चेहऱ्याचे दिलेत ना! दुसरं, ठेकेदार गायब. त्याच्या जागी दुसऱ्या ग्रहावरचा कोणी निळा माणूस. अरे, सिमेंटात माती मिसळणारा माणूस आमच्या तालुक्यात कोणालाही लगेच पटला असता. त्याची भीतीही वाटली असती. निळ्या माणसाला कोण भितंय? हे सगळंसुद्धा मी गिळलं. पण पूल पडला, पाय गेला, खडा निघाला, मी पदर घट्ट धरून बसले, आता म्हणेल, आता 'राहू द्या' म्हणेल. आणि त्यानं पाय पुढं केला.

खडा चमकला. पाय बरा झाला. तो पळायला लागला, ढोल वाजायला लागले, लोक उभे राहिले. मी मोठ्यांदा "थू!" म्हणाले. पुढच्या रांगेतल्या माणसानं मागं वळून बघितलं. मी त्याला म्हणाले, तुम्हाला नाही, त्याला.

बाहेर आल्यावर भाचीनं मोबाईल समोर धरला. तिचं कॉमिक्सवर एक चॅनल आहे. "आत्या, तुझं मत सांग. पण शिव्या नको." शिव्या दिल्या नाहीत. मी म्हणाले, "चाळीस वर्षं मी याला ओळखते. मूळ पुस्तकात तो पाय बरा करून घेत नाही. लंगडत जातो आणि जिंकतो. तुम्ही त्याला बरा केलात, कारण तुम्हाला लंगडा माणूस शेवटपर्यंत बघवत नाही. ही त्याच्याशी गद्दारी आहे." साडीखालून माझं कॅलिपर दिसत होतं. दिसू दिलं.

दोन दिवसांत ते कुठल्या कुठं पसरलं. आधी लोकांनी शाबासकी दिली. मग तिसऱ्या दिवशी वारं फिरलं. "काकू, पुस्तक वाचलंय का कधी?" "म्हातारी लांबच्या लांब फेकते." "सहानुभूती पाहिजे, दुसरं काय." मी चहा घेत हे वाचत होते आणि मला मजा वाटत होती, कारण खरं काय ते मला माहीत होतं. तेवढ्यात भाची खोलीतून आली. तिचा चेहरा उतरला होता. एका सज्जन माणसानं, एकही वाकडा शब्द न लिहिता, जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला होता.

चार चित्रं होती. वैद्य खडा पायाला लावतो. पायातून हिरवा उजेड निघतो. तोंडबांध्या उठून उभा राहतो. आणि मग तो सूर्याकडं पळत सुटतो. खाली कोपऱ्यात, समाप्त.

"आत्या," भाची म्हणाली, "मी व्हिडिओ काढून टाकते. लोक विसरतील."

"हात लावू नको," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. लोकांचं मला काही नव्हतं. लोक मला जन्मापासून काही ना काही म्हणतच आलेत. मला एवढंच कळत नव्हतं की ज्या पानावर पाय ठेवून मी बाजेवरून उठले ते पान जर नव्हतंच, तर मी उभी कशावर होते? आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधी एक ओळ न लिहिणारी मी, अख्खं आयुष्य एका ऐकीव पानावर काढून बसले होते. पाहणी न करता!

सकाळची पहिली एसटी धरून येरमाळ्याला गेले. तिथून रिक्षानं रानात. दादा बाजेवरच होता, गुडघ्यांना फडकी बांधून. मी मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्यानं चष्मा शोधला, पुसला, घातला, पान लांब धरून बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "हेच पान."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला कसं माहीत नसंल? म्या उभा राहून वाचलं की. दोनदा वाचलं. चाचा म्हणले, क्या हुआ रे, पन्ना खाता क्या?"

"मग खोटं का सांगितलंस?"

त्यानं मोबाईल बाजेवर ठेवला. "तू बसली हुतीस वाट बघत. आई नवस करतीय, मामा तेलवाला आणतोय. त्यात ह्यो हिरवा खडा. म्या म्हणलं, आता ही खड्याची बी वाट बघत बसंल. येरमाळ्यापस्नं घरापतुर सगळ्या रस्त्यानं जुळवत आलो. पाणी पितानाबी जुळतच न्हवतं."

तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. "मोठी झाल्यावर तरी सांगायचंस!"

"मोठी झाल्यावर तू तहसीलदाराला भांडत हुतीस. तुला कोण सांगणार?"

"आणि बाकीचे शेवट?"

"बाकीचे खरे." मग चष्मा काढत म्हणाला, "दोन-चार सोडून."

वहिनीनं चहा आणला. चहा पिता पिता मी ते पान पुन्हा बघितलं. नीट, तलाठ्यासारखं बघितलं. पाय बरा होतो, सूर्य उगवतो, आणि ठेकेदाराचं पुढं काय झालं याचा कुठं पत्ताच नाही. तो दुसरा पूल बांधत बसलाय आणि हा पळतोय सूर्याकडं! मी तिथूनच भाचीला फोन लावला. म्हणाले, व्हिडिओखाली माझ्या नावानं लिही. पान खरं आहे, फोटो खरा आहे, पुस्तकात पाय बरा होतो हेही मान्य. माझं चुकलं ते एवढंच की मी 'मूळ पुस्तकात' असं म्हणाले. पिक्चर वाईट आहे हे कायम. आता पुस्तकही वाईट आहे, हे त्यात वाढवावं. खरा शेवट येरमाळ्याजवळ एका मेंढवाड्यात झाला, आणि मी त्याची साक्षीदार आहे.

"माझं नाव घालू नगंस तिला म्हणावं," दादा बाजेवरून ओरडला. म्हणून तिथंही घातलं नाही आणि इथंही घातलेलं नाही.

निघताना म्हणाले, रविवारी सोलापूरला चल, तो पिक्चर तूही बघ. डोळ्यांनी बघ.

"येतो की. गुडघे जरा बरे झाले की..."

"राहू दे," मी म्हणाले. "तू काय गुडघ्यानं पिक्चर बघणार हायस व्हय?"

 आपलेच शब्द अंगावर आलेले त्याला कळले होते. वहिनी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. चिखलासाठी म्हणून माझ्याकडं जास्तीची एक काठी असते, ती मी बाजेला टेकवून ठेवली आणि रिक्षात बसले.

रविवारी तो आला. स्टँडवर काठी टेकत, माणसांकडं न बघता, माझ्याहून हळू. पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती आणि अंधारात आम्हा दोघांना जागा सापडेपर्यंत लोक च्यक् च्यक् करत होते. थेटर निम्मं रिकामं होतं. दादानं सगळा पिक्चर हाताची घडी घालून बघितला. पूल पडला. पाय गेला. वैद्य आला, पेटी उघडली, खडा चमकला, आणि तो चेहरेवाला पळत सुटला. इकडंतिकडं टाळ्या वाजल्या. दादाला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळं आपण किती मोठ्यांदा बोलतो ते त्याला कळत नाही. तो माझ्याकडं वळला आणि अख्ख्या थेटराला ऐकू जाईल असं म्हणाला,

"बाई, आपलाच शेवट बरा हुता!"